२५ फुटांत वळणारी गाडी

आमच्या थोरल्या काकांनी मोटार घेतली, ती वळते म्हणून. न वळणारी मोटार कुणी घेत नाही हे खरं, पण नारायण पेठेतल्या वाड्यात जन्म काढलेल्या माणसाला काकांचं कारण लगेच कळेल. आमचा बोळ असा, की समोरून म्हैस आली तर मागे कुणी सरायचं हे म्हशीच्या स्वभावावर ठरे. बोळाच्या टोकाला दिंडीदरवाजा, आत अंगण, अंगणात मधोमध तुळशीवृंदावन आणि भोवती आठ बिऱ्हाडं. मोटार एकदा आत आली की तिचं तोंड तिथल्या तिथे फिरवता आलं पाहिजे. नाहीतर रोज सकाळी बोळभर उलटी काढायची आणि आठही बिऱ्हाडांच्या सूचना ऐकायच्या.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल असं महागलं की ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते विकायच्या गोष्टी करू लागले, आणि ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना, म्हणजे आमच्या काकांना, घ्यायची स्वप्नं पडू लागली. काका शाळेत भूमिती शिकवायचे. खडकीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची स्टँडर्ड हेराल्ड निघाली आहे असं कळल्यावर ते गाडी बघायला गेले नाहीत. आधी अंगण मोजायला बसले. खडू, सुतळी आणि मी. सुतळीचं एक टोक मी वृंदावनाशी धरून ठेवलं, दुसरं घेऊन काकांनी फरशीवर वर्तुळ मारलं. अंगण भरलं साडेएकोणतीस फूट. हेराल्ड वळते २५ फुटांत. काकांनी हात झटकले आणि निकाल दिला, "साडेचार फूट शिल्लक. घ्यायला हरकत नाही."

पैसे कुठून आणणार, पेट्रोल कोण भरणार, हे किरकोळ प्रश्न काकूने रात्री विचारले.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा घरच्या मोटारीत निवडायला तीनच नावं होती. अ‍ॅम्बॅसॅडर सरकारची, फियाट डॉक्टरांची आणि हेराल्ड ज्याला सरकारही व्हायचं नाही आणि डॉक्टरही, त्याची. फियाट मुंबईची, कुर्ल्याची, त्यामुळे पुण्यात ती घरच्यासारखी. हेराल्ड यायची मद्रासहून. तिथल्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती १९६१ पासून बनवायला घेतली होती. मूळची ती इंग्लंडच्या कॉव्हेंट्री गावातली, ट्रायम्फ हेराल्ड, जन्म १९५९. तिचं चित्र काढलं ते मात्र तुरीनच्या जिओव्हानी मिकेलॉट्टी नावाच्या इटालियनाने. ट्रायम्फ कंपनी काढणारा झिगफ्रीड बेटमान हा गृहस्थही न्युरेंबर्गहून आलेला जर्मन. म्हणजे जिला आपण अस्सल इंग्रजी गाडी म्हणायचो, तिचं इंग्रजीपण कोकणातून येऊन पुणेकर झालेल्यांसारखं होतं. दोन पिढ्या गेल्या की अभिमान मूळच्यापेक्षा जास्त चढतो.

गाडी तयार होत असताना कारखान्यातलं तिचं पाळण्यातलं नाव होतं 'झोबो'. झोबो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून होणारं तिबेटी जनावर. काकांना हे कुठल्याशा इंग्रजी मासिकात सापडलं आणि त्यांनी ते आजीला सांगायची चूक केली. गाय म्हटल्यावर आजीचा विरोध निम्मा मावळला. याकचं तिने ऐकलं नाही.

आजीचा उरलेला निम्मा विरोध दारांना होता. हेराल्डला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, एक पाय आत आणि एक पुण्यात ठेवून शिरायचं. नऊवारी नेसून हे कुणी करून दाखवावं! आजीने एकदा प्रयत्न केला, बाहेर आली, पदर सारखा केला आणि जाहीर केलं की पुढची जागा तिची. तेव्हापासून काकू आणि आम्ही चार पोरं मागे, आणि पुढे काकांच्या शेजारी आजी, पायाशी पाण्याचा तांब्या. इंग्लंडातल्या जाहिरातींत त्या सीटवर रुमाल बांधलेली तरुणी बसायची. मद्रासकरांच्या घरीही आज्या असाव्यात, कारण पुढे त्यांनी हेराल्डला चार दारं केली. चार दारांची हेराल्ड खुद्द इंग्लंडात कधीच निघाली नाही. आमची आधीची होती.

पण गाडीचं खरं नवल पुढे होतं. इतर मोटारींचं बॉनेट म्हणजे पेटीचं झाकण. हेराल्डचं तसं नव्हतं. दोन्ही चाकांवरचे मडगार्ड, दिवे, जाळी असं सगळं नाकाड एकसंध उचलून पुढे आडवं व्हायचं, सुसरीने आ वासावा तसं. आत इंजिन, चाकं, स्टिअरिंगचे दांडे, सगळं उघडं. मिस्त्री पुढच्या टायरवर बैठक मारून काम करू शके. नाना पेठेतला आमचा मिस्त्री म्हणायचा, "मास्तर, ही गाडी नाही, दवाखान्यातलं टेबल आहे." अडचण एकच. झाकण पुढे पडतं म्हणून पुढे जागा लागते. पहिल्याच रविवारी काकांनी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आणि दिवाणजींच्या थाटात सगळ्या वाड्याला इंजिन दाखवायला बोलावलं. झाकण चार बोटं उचललं आणि भिंतीला टेकलं. सगळा वाडा बघत उभा. "मास्तर, पुढच्या रविवारी येऊ का?" असं वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं. काकांनी मग गाडी वळवून दाखवली. पुढची चाकं जवळजवळ आडवी झाली, आणि हेराल्ड तुळशीभोवती सुबक, न अडखळता, एका दमात फिरली. आजी ओट्यावरून बघत होती. गाडी उजवीकडे वळत गेल्याने तुळस काकांच्या उजव्या हाताला राहिली होती, शास्त्राप्रमाणे. "प्रदक्षिणा तरी नीट घालते," आजी म्हणाली. विरोध संपला.

इथपर्यंत काका सुखी माणूस होते. मग त्यांना स्पिटफायरचा शोध लागला.

झालं असं, की जुन्या बाजारात बुधवारी फिरताना त्यांना इंग्रजी मोटार-मासिकांचा गठ्ठा मिळाला, वजनावर. त्यात एका पानावर एक उघडी, लालभडक, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली गाडी होती. ट्रायम्फ स्पिटफायर. काका ते पान घेऊन माजघरात आले तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. घरातल्या गरीब भाच्याच्या कुंडलीत राजयोग निघावा तसा. "ही," ते पानावर बोट आपटत म्हणाले, "म्हणजे आपली हेराल्ड आहे."

आणि गंमत म्हणजे ते बरोबर होतं.

त्याचं मूळ एका भांडणात आहे. गाडीचं अंग म्हणजे पत्र्याची काया बनवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली बीएमसी या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. आता ट्रायम्फला एकसंध काया ठोकून देणार कोण? म्हणून त्यांनी जुनी वाट धरली. खाली वेगळी लोखंडी चेसी, आणि वर काया तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी करून आणून, बोल्टांनी जोडलेली. सगळं जग एकसंध कायेकडे निघालेलं असताना हे लोक नटबोल्ट आवळत बसले. पण जी गोष्ट तुकड्यांनी जोडता येते ती पेट्यांत भरून मद्रासला पाठवता येते. आणि जिची चेसी वेगळी असते ती कापून आखूडही करता येते. हेराल्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर साडेएक्याण्णव इंच. ते ८३ करा, टप उडवा, मागची सीट काढा, मिकेलॉट्टीकडूनच एक ठेंगणं अंग शिवून घ्या, १,१४७ सीसीचं इंजिन जरा तापट करून ६३ अश्वशक्तीवर न्या. झाली स्पिटफायर.

नमुना तयार झाला, पण तोवर कंपनीच्या तिजोरीत खडखडाट. १९६१ साली लेलँड या ट्रकवाल्यांनी ट्रायम्फ विकत घेतली. नवे मालक कारखान्यात फिरताना एका कोपऱ्यात धुळीच्या चादरीखाली काहीतरी दिसलं, चादर ओढली, तर ही, असं सांगतात. १९६२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. किंमत करासकट सुमारे ७३० पौंड. नाव दिलं महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं. त्या नावाने लंडन वाचवलं होतं. या गाडीने कंपनीही फार काळ वाचवली नाही, पण तो पुढचा भाग.

काकांनी हे सगळं काकूला समजावून सांगितलं. चेसी आखूड, टप उडवला, तेच स्टिअरिंग, तेच आ वासणारं नाक. काकू पोळ्या लाटत होती. "म्हणजे कालच्या पोळीची फोडणीची पोळी," ती म्हणाली.

काका दुखावले, पण स्वस्त इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचा अवघा इतिहास याहून थोडक्यात कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. फेरारी वगैरे घराण्यांत रोज ताजा स्वयंपाक. इंग्लंडातल्या गरीब हौशी लोकांनी उरल्या अन्नावर चव आणली. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर नावाचा व्यवस्थापक होता. त्याने १९२८ च्या मॉरिस मायनर या छोट्या संसारी गाडीची चेसी घेतली, वर लाकडी सांगाडा आणि त्यावर कापड ताणून होडीसारख्या शेपटीची काया चढवली. हीच एमजी मिजेट, किंमत १७५ पौंड. कापडाची मोटार! आपल्याकडे कापडाचा रावण सुद्धा पावसात टिकत नाही. पण शाळामास्तर, कारकून, बँकेतले तरुण अशा लोकांना पहिल्यांदाच केस उडवत जाता आलं. १९५८ ची ऑस्टिन-हिली स्प्राइट अशीच ऑस्टिन आणि मॉरिसच्या घरगुती गाड्यांच्या सुट्या भागांतून उभी राहिलेली. तिची बहीण १९६१ ची नवी मिजेट. या दोघींना उत्तर म्हणून स्पिटफायर. यांतली एकही फार जोरात पळत नसे. पहिल्या स्पिटफायरची झेप ताशी ९० मैलांच्या आसपास संपायची. आज एक्स्प्रेसवेवर भाजीचा टेंपो तिला मागे टाकेल. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलं, डोक्यावर टप नसला, की ताशी ४० मैल सुद्धा ९० वाटतात. ही सोय उंच गाडीत विकत मिळत नाही.

१९६५ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत स्पिटफायर एकूण तेरावी आली आणि तिच्या लहान इंजिनांच्या वर्गात पहिली. काकांनी ही बातमी शाळेत सांगितली तेव्हा 'एकूण तेरावी' गाळली. मास्तरांना वर्गात पहिला एवढंच कळतं.

तेव्हापासून आमची हेराल्ड हेराल्ड राहिली नाही. तिचं इंजिन ९४८ सीसीचं, ताकद पस्तीसेक घोड्यांची, त्यातले निम्मे आजी, काकू आणि आम्हा पोरांना ओढण्यात खर्ची. पण काका सिग्नलला थांबले की शेजारच्या फियाटवाल्याकडे अशा नजरेने बघत, की बिचारा काच वर करून घेई. "आत स्पिटफायर आहे," ते आम्हाला हळूच सांगत. आम्ही मागे चौघं मांडीवर मांडी घालून बसलेलो असल्याने आत आणखी काही असेल यावर आमचा विश्वास बसत नसे.

ही आत असलेली स्पिटफायर काकांनी कधी बाहेर काढली नाही, याचं कारणही भूमितीच होतं. हेराल्ड आणि स्पिटफायर दोघींची मागची चाकं एका सरळ दांड्यावर नसतात. मधल्या डिफरन्शियलपासून दोन्हीकडे दोन अर्धे दांडे निघतात, पक्ष्याच्या पंखांसारखे, आणि वरून एक आडवा पाटा त्यांना दाबून धरतो. खड्ड्यात एक चाक गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही, हा फायदा. पण वेगात वळण घेताना मध्येच पाय काढला, की गाडीचा मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि पुढचं देवाच्या हाती. ट्रायम्फने पाट्याची बांधणी बदलून हा दोष १९७० च्या स्पिटफायरमध्ये आवरला. मद्रासकरांनी १९७२ च्या गझेल या गाडीत सरळ दांडाच टाकला आणि विषय मिटवला. आमच्या काकांनी तिसराच उपाय काढला. कात्रजच्या घाटात ते इतकं हळू चालवत, की चाकाला दुमडायची संधीच मिळाली नाही. मागून एस.टी. भोंगे वाजवायची. काका शांतपणे म्हणायचे, "त्याला सरळ दांडा आहे. त्याला काय कळणार?"

हेराल्ड १९८३ च्या सुमाराला गेली. का गेली, कुणाला दिली, यावर घरात दोन मतं आहेत. तोवर तिकडेही सगळं उठलं होतं. १९८० च्या ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून शेवटची स्पिटफायर बाहेर पडली, एकूण तीन लाख चौदा हजारांवर निघाल्यानंतर. त्याच ऑक्टोबरात एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. एकाच वर्षी दोन्ही घरची चूल विझली. इकडे मद्रासकरांनी १९८५ साली शेवटची हौस केली. रोव्हर एसडी-वन या त्या काळच्या देखण्या विलायती गाडीची काया आणली आणि आत इंजिन घातलं १,९९१ सीसीचं, स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या जुन्या वंशातलं. नाव स्टँडर्ड २०००. लोकांनी नाकं मुरडली. नव्या शालूखाली जुना परकर, असा बोभाटा झाला आणि १९८८ पर्यंत तो खेळही आटोपला. एकटे काका खूश होते. कारण त्याच व्हॅनगार्डच्या इंजिनाला १,९९१ सीसीवर आणून ट्रायम्फने १९५३ साली टीआर-टू ही स्पोर्ट्स गाडी केली होती. "बघ," ते पेपरातल्या जाहिरातीकडे बोट करून म्हणाले, "आत टीआर-टू आहे."

अशा माणसाचं काय करणार?

पण यात पुण्याचा हिशेब राहून गेला होता. तो पुढे पुरा झाला, आणि काकांच्या हयातीत झाला हे विशेष. २००३ साली इंग्लंडातल्या एमजी रोव्हर कंपनीला एका लहान स्वस्त गाडीची गरज पडली. नवी आखायला पैसे नाहीत. तेव्हा त्यांनी पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका जहाजात भरून नेली आणि सिटीरोव्हर म्हणून विकली. म्हणजे १८ वर्षांपूर्वी रोव्हरचं अंग इंजिन घालायला मद्रासला आलं होतं, आणि आता पुण्याचं अंग बिल्ला लावायला रोव्हरकडे गेलं. तिकडे ती फारशी खपली नाही आणि २००५ च्या एप्रिलमध्ये ती कंपनीच बसली. २००८ साली टाटांनी जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली तेव्हा 'रोव्हर' हे नावही त्या व्यवहारातून टाटांकडे आलं. एमजीचं नाव चिन्यांकडे गेलं. ट्रायम्फ मोटारीचं नाव बीएमडब्ल्यूच्या कपाटात पडून आहे, जर्मनांचं जर्मनांकडे. काकू असती तर म्हणाली असती, भांडी मोडली पण भांड्यांवरची नावं विकली गेली.

फोडणीची पोळी आपल्याकडे कुणी केलीच नाही असंही नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कंपनीने रोडस्टर काढली, इंग्लंडच्या जुन्या लोटस सेव्हनच्या वळणाची, चाकं बाहेर, टप नाही. इंजिन कुठलं? अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसायचं ते इसुझूचं, १.८ लिटरचं. अ‍ॅम्बॅसॅडरच्या पोटात स्पोर्ट्स कार होती, हे कळल्यावर काका दोन दिवस बोलले नाहीत. आपलं दैवत शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातही निघावं, तसं झालं.

आमचा वाडा केव्हाच पडला. तिथे चार मजली इमारत आहे, तळाला पार्किंग. खांब असे उभे केलेत की कुठलीही गाडी तीनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नाही, आणि मागे घेताना प्रत्येक गाडी आपापलं गाणं गाते. तुळस तिसऱ्या मजल्यावर काकांच्या गॅलरीत कुंडीत आहे. काका तिला प्रदक्षिणा घालू शकत नाहीत म्हणून जागेवरच स्वतःभोवती फिरतात. "वळायला जागा लागत नाही," म्हणतात.

गेल्या पावसाळ्याआधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो, रिक्षातून. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलो. शेजारी एक मोटारसायकल येऊन उभी राहिली. मोतीबिंदू काढून आठवडाही झाला नव्हता, पण काकांनी टाकीवरचं नाव वाचलं. ट्रायम्फ.

"ही कुठली?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. चाकणला होते, बजाजच्या कारखान्यात. २०२३ च्या जुलैत बाजारात आली, तेव्हा किंमत २ लाख ३३ हजारांपासून. इंग्लंडातही इथूनच जाते.

"म्हणजे आपलीच की," काका पुढे सरकले.

"काका, ती मोटारवाली ट्रायम्फ वेगळी. ही सायकलवाल्यांची."

"मला शिकवू नकोस. १९३६ साली वाटण्या झाल्या त्यांच्या. चुलत घर आहे." मग त्यांनी रिक्षाबाहेर डोकं काढलं. "अहो, ऐकता का?"

मुलाने हेल्मेटची काच वर केली. असल्या प्रश्नांची त्याला सवय असावी. त्याने उत्तर तयारच ठेवलं होतं. "तीसच्या आसपास देते, आजोबा."

"ते नाही विचारलं," काका म्हणाले. "वळते किती फुटांत?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षावाल्याच्या मीटरकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे सुरू झाले.

"विचारून ठेवा कंपनीत," काका ओरडून म्हणाले, "पंचवीसच्या वर सांगितलं तर घेऊ नका!"